रकान्याबाहेरचं रान

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होतात. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी साहाय्यक आहे. मुलं पुठ्ठ्यांत बांधून वाळवलेल्या फांद्या आणतात आणि मी एकेक कागद बघून टेबलावर मांडते. तपकिरी झालेली पानं, चिकटपट्टीखाली दबलेलं फूल, खाली शास्त्रीय नाव, कुळ आणि सापडल्याचं ठिकाण. ठिकाणाच्या ओळीत बहुतेक जण 'नाशिक परिसर' एवढंच लिहून मोकळे होतात. पूर्वी मला त्यात काही वाटायचं नाही. आता मी विचारते, "परिसरात कुठे?" मुलं एकमेकांकडे बघतात. मॅडमना झालंय तरी काय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

संध्याकाळी पेठ रोडच्या घरी येते. बाबांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर. आता त्यात मी एकटीच. वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले की पश्चिमेचे डोंगर दिसतात. या दिवसांत ते धुरकट असतात, आणि मधूनच एखाद्या सोंडेवरून धुराची बारीक रेघ वर चढत असते. शेजारच्या गच्चीवरून वहिनी म्हणतात, "काय उकडायला लागलं हो आत्ताच!" मी हो म्हणते आणि कपडे हातात घेऊन तशीच उभी राहते. ती रेघ कुठल्या गावच्या रानातली असेल? कुणी पाहिली असेल का? कुणी धावलं असेल का? वहिनी खाली निघून जातात. माझ्या हातातल्या कपड्यांना उन्हाचा वास येत असतो. मला मात्र मोहाच्या फुलांचा येतो, गोडसर, जड, किंचित आंबलेला. मग तीन वर्षांपूर्वीचे ते फाल्गुन-चैत्राचे दिवस परत येतात, आणि त्यांना कुठे बसवावं ते मला कळत नाही.

आम्ही मूळचे सुरगाण्याकडचे, कोकणा. आमची बोली मराठीला लागून असली तरी मराठी नव्हे. बाबा शिक्षकाचं शिक्षण घ्यायला पहिल्यांदा नाशिकला आले, तेव्हा वर्गात सरांनी त्यांना काहीतरी विचारलं. बाबा उभे राहून म्हणाले, "माला नीही माहीत." मला माहीत नाही, एवढंच. सगळा वर्ग हसला. पुढची दोन वर्षं बाबांचं नाव 'नीही' होतं. ही हकिकत त्यांनी मला कधीच सांगितली नाही. सांगितली ती फुईनं. फुई म्हणजे आत्या. बाबांची धाकटी बहीण, जानकीफुई.

आमच्या घरात बोलीला बंदी होती. दिवाळीत गावी जायचं ठरलं की बाबा आधी निरोप धाडायचे, पोरीशी मराठीत बोला. फुईकडून तर त्यांनी शब्दच घेतला होता. मी शुद्ध बोलत मोठी झाले. वक्तृत्वात बक्षिसं मिळवली. आई लवकर गेली, लग्न काही जमलं नाही, आणि मी नि बाबा त्या दोन खोल्यांत फार नीटनेटकं मराठी बोलत राहिलो. बाबांच्या शेवटच्या आजारात महिनाभर मी त्यांच्या उशाशी होते. माणूस शेवटी आपल्या पहिल्या भाषेकडे परत जातो, असं मी ऐकलं होतं. वाटायचं, ग्लानीत तरी एखादा शब्द निसटेल. कान लावून बसायची. निसटला नाही. शेवटच्या दुपारीसुद्धा ते स्वच्छ म्हणाले, "खिडकी जरा लोटून घे." मी लोटून घेतली.

त्यानंतरच्या वर्षी होळीच्या आधी यमुनाचा फोन आला. यमुना आमच्या पाड्यावरची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. दर वर्षी द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडच्या बागांवर मजुरीला जायची, त्या वर्षी गेली नव्हती. गावाला रान राखायचा हक्क कागदावर मिळाला होता आणि ग्रामसभेनं तिला समितीची अध्यक्ष केलं होतं.

"ताई, तुमी झाडांचंच काम करता ना?" ती म्हणाली. "आमाला रानाची यादी करायची हाय. फॉर्ममधी दोन रकाने हायेत, मराठी नाव न् शास्त्रीय नाव. आमी म्हनलं, तिसरा आपन पाडायचा. तो पयला. आपल्या बोलीचा."

"मला बोली येत नाही, यमुना."

"फुईला येती. तिला शास्त्रीय येत नाय. तुमी दोघी बसा."

त्या वर्षी प्रात्यक्षिकं लवकर उरकली होती. मी साठलेली रजा काढली. सुरगाण्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले आणि आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, होईपर्यंत तिथेच राहिले.

फुईचं घर कुडाचं. दारासमोर शेणानं सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला मोहाची फुलं वाळत घातलेली. फुईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस तिला सावलीसारखा दिसायचा आणि झाड हाताला लागल्यावर कळायचं. संध्याकाळी आजूबाजूच्या बाया अंगणात यायच्या. आतून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. भराभर, खळखळून, एकमेकींचे शब्द तोडत. मी बाहेर पाऊल टाकलं की बोलणं क्षणभर थांबायचं आणि मग मराठीत सुरू व्हायचं, जपून, हळू. पाहुणा आला की घरातला चेपलेला तांब्या मागे सारून चकचकीत पेला पुढे करतात ना, तसं. त्यात माझा मानच होता. पण त्या चेपलेल्या तांब्यातलं पाणी मला कुणी देत नव्हतं.

एकदा मी धीर करून म्हटलं, "फुई, माझ्याशी बोलीत बोल ना."

"दादाला शब्द दिलाय."

"बाबा आता नाहीत, फुई."

"शब्द हाय की," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही रानात जायचो. पुढे फुई काठी टेकत, अनवाणी, मागे मी वही घेऊन. ती खोडावर तळवा ठेवायची. मगरीच्या पाठीसारखी तडकलेली साल हाताला लागली की म्हणायची, "सादडा." म्हणजे ऐन. कुठे पान चुरगळून नाकाशी न्यायची, कुठे नुसती वाळलेली शेंग हलवून कानाशी धरायची. कहांडोळाचं झाड मात्र तिला दिसायचं. पांढरंफेक, गुळगुळीत खोड. भर उन्हातही चांदण्यात उभं असल्यासारखं. "हे मला आंधळी झाले तरी दिसंल," ती म्हणायची. मी तिसऱ्या रकान्यात शास्त्रीय नाव लिहायची, दुसऱ्यात मराठी, आणि पहिल्यात फुईच्या तोंडचं, जसं ऐकू येईल तसं.

प्रत्येक झाडापाशी ती आधी काहीतरी पुटपुटायची, बोलीत. ख्यालीखुशाली विचारावी तशा सुरात. मग माझ्याकडे वळून नाव तेवढं सांगायची, बाकीचं मराठीत. मला त्या झाडांचा हेवा वाटायचा. चाळीशी उलटलेल्या बाईनं झाडांचा हेवा करावा हे हसण्यासारखं आहे, पण वाटायचा खरा.

मधेच एखाद्या उतारावर थांबून ती काठीनं दाखवायची. "ह्या घळीचं लिही. मोरझिरा."

"फुई, यात फक्त झाडं लिहायची आहेत. जागांना रकाना नाही."

"आन् तो खडक? त्याला बी नाव हाय."

"त्यालाही नाही रकाना."

"रकाना नाय," ती स्वतःशीच म्हणाली आणि पुढे चालू लागली. तीन-चार दिवस तिनं असं विचारून पाहिलं. मग जागांची नावं सांगायचं तिनं सोडून दिलं. मला बरंच वाटलं. काम भरभर व्हायला लागलं होतं.

ते दिवस मोहाच्या फुलांचे होते. फुलं पहाटे गळतात. उजाडताना झाडाखाली नुसता फिकट पिवळा सडा. वेचायला सोपं जावं म्हणून लोक आधी झाडाखालचा पाला पेटवून देत आणि त्यातूनच कितीदा वणवा डोंगरभर जाई. त्या वर्षी ग्रामसभेनं ठरवलं होतं, पेटवायचं नाही, झाडायचं. म्हाताऱ्या कुरकुरल्या. एक म्हणाली, "जाळायला दोन मिनिटं. झाडायला अख्खी सकाळ."

यमुना म्हणाली, "मावशे, मी झाडते तुझ्या झाडाखालचं. मग तर झालं?" आणि तिनं आठ दिवस खरंच झाडलं. नवव्या दिवशी मावशीनं तिच्या हातातला खराटा ओढून घेतला. पहाटे पाड्याच्या चारी बाजूंनी खराट्यांचा आवाज यायचा. आख्खं रान कुणीतरी पाहुण्यांसाठी झाडून घेतंय असं वाटायचं.

दिवसा पाळीपाळीनं राखण. दोन-दोन माणसं माथ्यावर बसायची, गळ्यात शिट्टी. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मुलं जमायची आणि एक म्हातारबाबा थाळीवर कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा लावायचा. काशाच्या थाळीत मेणानं उभी चिकटवलेली काडी. तिच्यावरून तो बोटं खाली ओढायचा आणि थाळीतून भुंग्यासारखा सूर निघायचा. त्या सुरावर कथा चालायची. कितीतरी वर्षं ती कुणी ऐकायलाच बसत नव्हतं. आता यमुनानं पोरांना आणून बसवलं होतं, आणि पोरं मोबाइल पुढे धरून ऐकत होती. मीही बसायची. निम्मं कळायचं. सगळे हसले की मी हसायची, क्षणभर उशिरा. आपण उशिरा हसतो हे आपल्याशिवाय कुणाला कळत नसतं. तरी त्या क्षणभरात फार एकटं वाटतं.

आग लागली ती चैत्रात, दुपारी.

पलीकडच्या उतारावरून धूर आला आणि माथ्यावरून शिट्ट्या ऐकू आल्या. यमुना आणि पाड्यावरची सगळी धडधाकट माणसं ओल्या फांद्या घेऊन माथ्याकडे धावली. मी आणि फुई खाली देवरानात होतो. देवरान म्हणजे पाड्याचं देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी नेत नाही. मधोमध वाघदेवाचा शेंदूर माखलेला लाकडी खांब, आणि भोवती आमच्या यादीतली सगळ्यात जुनी झाडं. फुईनं मान वर केली. नाकानं वारा घेतला. तिचा चेहरा एकदम बदलला. वारा फिरला होता. आग माथ्यावर अडवत होते खरे, पण ती बगलेनं खाली उतरणार होती, आणि हे सगळ्यांत फक्त फुईला कळलं होतं.

तिनं माझा दंड धरला आणि ती बोलायला लागली. भराभर, ओरडून, हातवारे करत. बोलीत.

आयुष्यात पहिल्यांदा फुई माझ्याशी आपल्या भाषेत बोलत होती. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं. मला कळलं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण एक क्षणभर मी आनंदानं नुसती तिच्याकडे बघत राहिले. मग भानावर आले. त्या सगळ्या लोंढ्यातले तीनच शब्द माझ्या हाती लागले. 'मोरझिरा.' 'पाला.' आणि 'तठ', म्हणजे तिथे.

मी धावले. झिरा म्हणजे झरा, एवढं मला येत होतं. बाया जिथून पाणी भरतात तो झरा मला माहीत होता. मी तिथे गेले आणि फांदी तोडून पाला बाजूला लोटायला लागले. घाम डोळ्यांत जात होता. पाणी शांत झिरपत होतं. एक खंड्या काठावर बसला होता. आग काही येईना. मला वाटलं, वेळेवर पोचले. तेवढ्यात पाठीमागून करपलेला वास आला. वळून पाहिलं तर धूर देवरानातून निघत होता.

मोरझिरा वेगळाच होता. ती देवरानाच्या दुसऱ्या अंगाची अरुंद घळ, जिच्याकडे फुईनं काठी करून दाखवलं होतं आणि मी वहीतून मान वर केली नव्हती. पावसाळ्यानंतर थोडे दिवस तिथं मोर पाणी प्यायला येतात म्हणून ते नाव. चैत्रात ती कोरडी ठणठणीत असते आणि वरच्या सगळ्या रानाचा पाला गळून तिच्यात गुडघाभर साचतो. आग तिथूनच येणार होती. नावात झिरा होता म्हणून मी पाणी शोधलं.

मी परत धावत गेले तेव्हा फुई घळीच्या तोंडाशी होती. माझी वाट पाहून ती स्वतःच काठी टेकत गेली होती आणि दोन्ही हातांनी पाला उपसत होती. तिचे अनवाणी पाय निखाऱ्यांत होते. मी तिला ओढून काढलं. तोवर यमुना आणि बाकीचे धूर बघून खाली आले होते. त्यांनी आग विझवली. पण देवरानाचा तो कोपरा गेला. कोवळी झाडं गेली, वेली गेल्या. पांढरा कहांडोळ एका अंगानं काळा ठिक्कर पडला. वाघदेवाचा खांब बुडाशी करपला.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. यमुनानं फक्त तिची ओली ओढणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ताई, फुईच्या पायांना गुंडाळा." सुरगाण्याच्या दवाखान्यात जाईपर्यंत जीपमध्ये ते पाय माझ्या मांडीवर होते. रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा. दर खड्ड्याला फुई डोळे मिटून घ्यायची. मी 'फुई, फुई' एवढंच म्हणत होते. दुसरं काही मला कुठल्याच भाषेत सुचत नव्हतं.

दोन दिवसांनी तिला घरी आणलं. तळव्यांना पट्ट्या बांधून ती ओसरीवर पडली होती. मी तिला नागलीची आंबील भरवत होते. मधेच ती म्हणाली, "पान्याच्या झिऱ्यावं गेलीस तू."

"हो."

"मी सांगत हुते, तवा तुला लिहायचं नव्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. वाटी खाली ठेवून मी रडले. बाबा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. चाचपडत फुईनं माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"दादा म्हनला हुता, पोरीला हसतील," ती म्हणाली. "हसू दे. रान जळन्यापरीस हसलेलं बरं."

आणि त्यानंतर जे काही ती बोलली ते बोलीत बोलली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आखातीपर्यंत रोज. शब्द दिला होता तिनंच, मोडलाही तिनंच, आणि मोडताना बाबांना दोन शब्द ऐकवलेही असावेत, कारण वर छपराकडे बघून ती काहीतरी तणतणली, ते मला तेव्हा कळलं नाही.

चाळीशी उलटल्यावर मी रांगायला शिकले. ओसरीवर पडल्या पडल्या फुई मला 'पोसी' म्हणायची, म्हणजे पोरी. अठ म्हणजे इथे. तठ म्हणजे तिथे. कधळ म्हणजे केव्हा. मी वाक्य जुळवायची आणि अंगणातल्या बाया पोट धरून हसायच्या. मी एकदा म्हशीला सासू म्हटलं, ते आठ दिवस पुरलं. त्या हसण्यात मला इतकं सुख होतं की मधेच बाबांचा वर्ग डोळ्यांपुढे यायचा. तेच हसणं. कुठे हसतात आणि कोण हसतं, यावर एका माणसाचं सगळं आयुष्य फिरलं होतं.

वहीची मागची पानं मी जागांसाठी ठेवली. फुईला आता चालता येत नव्हतं, पण डोळे मिटून ती वाटेवाटेनं जायची. कुठला खडक, कुठलं वळण, कुठे अस्वलानं कुणाच्या आजाला ओरबाडलं, कुठे कोण बाळंत झाली. प्रत्येक जागेला नाव, आणि प्रत्येक नावाखाली कुणीतरी माणूस नाहीतर जनावर उभं. यमुना ती पानं ग्रामसभेत वाचून दाखवायची आणि म्हातारी माणसं आणखी भर घालायची. पुढे त्यांनी शाळेच्या भिंतीवर रानाचा मोठा नकाशा रंगवला. राखणीला जाणाऱ्या प्रत्येकानं ती नावं पाठ करायची असं ठरलं. माथ्यावरून नाव ओरडलं की खालच्यानं तिथेच पोचलं पाहिजे.

आखाती झाली आणि मी नाशिकला परत आले. कॉलेज, पुठ्ठे, चिकटपट्टी. दर रविवारी यमुनाच्या फोनवरून फुई बोलायची. जेवलीस का, कधळ येशील, पाऊस आला का. मी उत्तरं द्यायची आणि ती चुका काढायची. आठवड्यातली तेवढी दहा मिनिटं. बाकीचे दिवस मी स्वयंपाकघरात एकटीच बोलीत बोलायची. मिरचीला, तव्याला, खिडकीतल्या कावळ्याला. माझी बोली चार वर्षांच्या पोरीएवढी आहे. भूक लागली, पाय दुखतो, ऊन लागतं, एवढं सांगता येतं. एकटं वाटतं, हे सांगता येत नाही. त्याला आपल्याकडे काय म्हणतात ते फुईला विचारायचं ठरवायची आणि दर रविवारी राहून जायचं. कदाचित विचारायला भीतही असेन. शब्द नाहीच असं ती म्हणाली असती तर?

गेल्या भाद्रपदात फुई गेली. घाटात रस्ता खचला होता. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगणात बाया बसल्या होत्या. मी पाऊल टाकलं तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं नाही, की बदललं नाही. यमुनानं सरकून जागा दिली आणि मी त्यांच्यात बसले. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं जीव तुटला होता ती झाली, आणि ती बघायला फुई नव्हती.

गेल्या रविवारी मी पाड्यावर गेले. मोह नुकताच गळायला लागलाय. यमुना कुठल्या बैठकीला गेली होती, म्हणून मी एकटीच रानात चढले. देवरानाचा जळका कोपरा आता ओळखू येत नाही. कारवी आणि ऐनाची कोवळी झाडं डोक्याएवढी झालीत. कहांडोळ एका बाजूनं काळा आहे तो आहेच, पण वरच्या फांद्यांना लालसर फुलोरा आलाय. पाणी प्यायला झऱ्यावर आले, तर तिथे एक तरुण बाई खडकावर बसलेली. गळ्यात शिट्टी, हातात हिरव्या बांगड्या. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बोलीत विचारलं, "तू कुणाची गं?" तिनं बोलीतच सांगितलं. नाव हिरा. पेठच्या बाजूची, गेल्या वैशाखात सून होऊन आलेली. आज तिची राखण होती.

तेवढ्यात वरून कुणीतरी हाळी दिली. हिरा उठून तोंडाशी हात धरून ओरडली, "चुकलीबायच्या झिऱ्यावं हाय मी!"

हे नाव माझ्या वहीत नव्हतं. मी म्हटलं, "कुठला झिरा?"

"ह्योच की. तुमाला नाय म्हाईत?"

"नवीन नाव दिसतं."

"नवीन कसलं! लय जुनं हाय," हिरा म्हणाली आणि परत खडकावर बसली. सासरची गोष्ट आपल्याला पाठ आहे याचा तिला अभिमान असावा. "एक बाय हवती. आग लागली तधळ तिला सांगितलं मोरझिऱ्याला जा. तिला काय वाट ठावी नीही. ती आली अठ. मागं रान जळत ऱ्हायलं आन् ही पान्यापाशी उभी. तधळपासून चुकलीबायचा झिरा."

खाली पाणी झिरपत होतं. मी ओंजळ भरली, प्यायले, तोंड पुसलं.

"मग त्या बाईचं काय झालं?"

हिरानं खांदे उडवले. "काय म्हाईत. म्हाताऱ्या सांगत्यात, अजून येती रानात कधळमधळ. वही घिऊन फिरती, जागांची नावं इचारीत."

मी पिशवीतून वही काढली. मागची पानं उघडली, मोरझिऱ्याच्या खालची ओळ रिकामी होती, तिथे नाव लिहिलं. चुकलीबायचा झिरा. मी मान वर केली. आधी वहीकडे, मग माझ्या तोंडाकडे बघत हिरा हळूच उठून उभी राहिली.

"तुमी कुठल्या?" तिनं विचारलं.

"अठलीच," मी म्हणाले.